घर चालवलं तिने, कागदावर नाव कुणाचं?

गेल्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून आमच्याकडे इंग्लंडला आली होती तेव्हा तिला डर्बीशरमधला हार्डविक हॉल बघायला घेऊन गेले. लांबून ते घर दिसायला लागलं की पहिली नजर जाते खिडक्यांवर, एवढ्या मोठ्या आणि एवढ्या जास्त की भिंत कमी आणि काचच जास्त वाटते, आणि दुसरी नजर जाते वर, बुरुजांच्या कठड्यांवर. तिथे लांबूनसुद्धा वाचता येतील अशी दगडी अक्षरं उभी केलीयत, ई आणि एस. म्हणजे एलिझाबेथ श्रूझबरी, जिला सगळे बेस ऑफ हार्डविक म्हणतात. आई बराच वेळ मान वर करून बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे हे घर बाईच्याच नावावर होतं का गं? खरंच नावावर, का नुसती पाटी?"

त्या दिवशी मी पटकन "हो, तिच्याच" असं सांगून टाकलं, आणि ते बरोबरही होतं, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. इथे राहायला आल्यापासून मी अशी वीसेक मोठी घरं तरी बघितली असतील, आणि प्रत्येक घरात त्या घराची लेडी भेटतेच, भिंतीवरच्या चित्रात. ती दिसायला किती देखणी होती, तिच्या पार्टीला कोण कोण यायचं, गुलाबाची बाग तिने कशी लावली, हे सगळं तिथले स्वयंसेवक अगदी जीव ओतून सांगतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मला ठामपणे असं वाटतं की ही बाई म्हणजे त्या घराची शोभा नव्हती, तो एक जॉब होता, पूर्ण वेळचा, डोक्याला ताप असलेला जॉब, आणि त्याला पगार नाही, करार नाही, रजा नाही, आणि ज्या घरासाठी आयुष्य घातलं त्या घरावर हक्कही नाही. आणि दुसरं म्हणजे ही जुनी गोष्ट झाली, संपली असं समजू नका, त्यातला एक मोठा भाग आजही तसाच चालू आहे, त्याच्याबद्दल पुढे सांगते.

आपल्याकडे मालकीण म्हणतो ना आपण, त्या शब्दाकडे कधी नीट बघितलंय का? गावात 'मालकीणबाई' म्हणजे मालकाची बायको. जमीन तिची असायची गरज नाही, बहुतेक वेळा नसतेच. इंग्लंडमधल्या 'लेडी ऑफ द हाउस'चं अगदी तेच होतं.

आधी काम काय असायचं ते सांगते, कारण तेच कुणी नीट सांगत नाही. मोठ्या घरात नोकरांची उतरंड असायची, पुरुष नोकर बटलरच्या हाताखाली आणि बायका हाउसकीपरच्या हाताखाली. किल्ल्यांचा जुडगा हाउसकीपरच्या कमरेला, आणि तिचं लग्न झालेलं असो नसो तिला 'मिसेस' म्हणायचं. रोज सकाळी ही हाउसकीपर किंवा स्वयंपाकीण लेडीसमोर येणार, आज किती पाहुणे, जेवायला काय, कुठल्या खोल्या उघडायच्या, कुणाला कामावर ठेवायचं आणि कुणाला काढायचं, चादरी किती फाटल्या, साखर किती संपली. मग गावातली शाळा, आजारी कुळं, बाळंतिणी, नाताळला वाटायचे कपडे, चर्चचं काही ना काही, आणि नवरा राजकारणात असला की त्याच्या पक्षाच्या लोकांची चार चार दिवस सरबराई, कोण कुणाशेजारी बसणार याचे मानपान सांभाळत, आणि त्यात एक चूक झाली तर नाव तिचंच खराब. केंटमधल्या सुझाना व्हॉटमन या बाईंनी, कागद बनवणाऱ्या मोठ्या कारखानदाराची बायको ती, १७७६ च्या सुमाराला नोकरांसाठी एक वही लिहायला घेतली, त्यात कुठल्या खोलीत कुठल्या वेळी ऊन येतं आणि तेव्हा तिथले पडदे ओढून घ्यायचे म्हणजे फर्निचरचा रंग उडणार नाही, इथपर्यंत बारीक सूचना आहेत. आज नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे अशी जुनी घरं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, कुठल्याही घरात गेलात की खोल्या अंधारलेल्या असतात ना, त्याचं कारण हेच, ऊन. आज ते काम करणाऱ्यांना कॉन्झर्वेशन स्टाफ म्हणतात आणि त्याचं रीतसर शिक्षणही असतं.

दुसरं उदाहरण ब्लेनहाइम पॅलेसचं, ड्यूक ऑफ मार्लबरो या मोठ्या सरदार घराण्याच्या महालाचं. अमेरिकेतल्या रेल्वेवाल्या व्हँडरबिल्ट घराण्याची मुलगी कॉन्सुएलो, १८९५ साली, वय १८, आईच्या जबरदस्तीने नवव्या ड्यूक ऑफ मार्लबरोशी लग्न करून तिथे आली. येताना २५ लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर्स. तिने म्हातारपणी आठवणी लिहून ठेवल्या त्यात एक गोष्ट आहे जी मी वाचल्यापासून विसरू शकले नाही. दुपारच्या जेवणात जे उरायचं ते डब्यांत भरून गावातल्या गरिबांना पोचवायचं हे डचेसचं, म्हणजे ड्यूकच्या बायकोचं, काम, आणि तोपर्यंतची पद्धत अशी की मांस, भाज्या, गोड सगळं एकाच डब्यात कोंबायचं. या १८ वर्षांच्या पोरीने ते वेगवेगळ्या डब्यांत भरायला सुरुवात केली आणि लोकांना त्याचं केवढं अप्रूप वाटलं. आता कुणी म्हणेल की उष्टं वाटण्यात काय मोठेपणा, आणि खरंय, त्या जमीनदारीत काही मोठेपणा नव्हताच. पण समोरच्या माणसाला पुडिंग मटणात कालवलेलं खावं लागू नये एवढा विचार त्या महालात कुणीतरी पहिल्यांदा केला, आणि तो तिने केला.

याच मुलीला नवऱ्याच्या आजीने, म्हणजे आजेसासूने, पहिल्या भेटीतच काय सांगितलं माहितीय? तुझं पहिलं कर्तव्य मूल, आणि तो मुलगाच पाहिजे, नाहीतर तो विन्स्टन ड्यूक होऊन बसेल. हो, तोच विन्स्टन चर्चिल, मुलगा होईपर्यंत वारसाहक्कात त्याचाच नंबर होता. १८९७ ला मुलगा झाला आणि बाईंचं मुख्य काम झालं. १९०६ मध्ये दोघं वेगळे राहायला लागले. तिच्या पैशातून सावरलेलं घर अर्थातच तिथेच राहिलं, ड्यूककडे.

आता कायद्याचं. जुन्या इंग्लिश कायद्यात लग्न झालं की बाईचं वेगळं कायदेशीर अस्तित्व जवळजवळ संपायचं, तिची रोकड, दागिने, तिने कमावलेलं सगळं नवऱ्याचं, जमीन असली तर तिचा ताबा आणि उत्पन्न नवऱ्याकडे. श्रीमंत घरांत वडील लग्नाआधी करारनामा करून घ्यायचे, त्यात तिला वर्षाला हातखर्चाला किती आणि विधवा झाली तर पोटगीसारखं किती हे ठरायचं, आणि इस्टेट मात्र पुढच्या मुलग्यासाठी बांधून ठेवलेली. बायकांच्या मालमत्तेचे कायदे आले १८७० आणि १८८२ मध्ये. म्हणजे तोपर्यंत शेकडो खोल्यांचं घर चालवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या नावावर कायद्याने फारसं काहीच नव्हतं. आणि नवरा गेला की मोठा मुलगा आणि सून मुख्य घरात आणि आई 'डावर हाउस'मध्ये, म्हणजे इस्टेटीवरच विधवेसाठी ठेवलेलं छोटं घर. हे सगळं प्रेमाने व्हायचं, रीत म्हणून व्हायचं, पण व्हायचंच.

मग बेसचं नाव छपरावर कसं आलं? तर ती चार वेळा विधवा झाली म्हणून. प्रत्येक नवऱ्याकडून मिळालेला हक्क तिने धरून ठेवला, हिशोबाच्या वह्या स्वतः तपासून सही करायची, चौथा नवरा, अर्ल ऑफ श्रूझबरी, १५९० मध्ये वारला आणि त्याच सुमाराला नव्या हार्डविकचं बांधकाम सुरू झालं. १५९७ मध्ये ती राहायला आली तेव्हा वय सत्तरच्या घरात. तिचा व्यवहार कसा होता बघा, १५९२ मध्ये तिने बायबलमधल्या गिडियनच्या गोष्टीच्या १३ भल्यामोठ्या टेपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर लावायचे विणलेले चित्रपडदे, विकत घेतल्या, साधारण ३२६ पौंडाला, आणि त्यावर आधीच्या मालकाचं चिन्ह होतं ते बदलायला खर्च येणार म्हणून किमतीत ५ पौंड कमी करून घेतले. मंडईत भाजी घेताना जी बाई डाग दाखवून दोन रुपये कमी करायला लावते ना, तीच ही, फक्त इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत बायकांपैकी एक. मला ती फार आवडते. पण आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे की घरावर स्वतःचं नाव लावायला बाईला नवरा नसणं गरजेचं होतं.

आणि पुढची गोष्ट त्याच घराण्यातली, मला तर वाटतं सगळा मुद्दा या एका घराण्यात बघायला मिळतो. बेस आणि तिचा दुसरा नवरा कॅव्हेंडिश यांनी १५४९ मध्ये चॅट्सवर्थची जमीन ६०० पौंडाला घेतली होती. त्यांचे वंशज पुढे ड्यूक ऑफ डेव्हनशर झाले, चॅट्सवर्थ मुख्य घर झालं आणि बेसचं हार्डविक मागे पडलं. विसाव्या शतकात नववे ड्यूक १९३८ मध्ये गेल्यावर त्यांची विधवा, डचेस एव्हलिन, हार्डविकला राहायला आली. म्हणजे बेसने स्वतःच्या नावाने बांधलेलं घर आता विधवेला ठेवायची जागा झालं होतं. आणि त्या म्हाताऱ्या बाईने तिथे काय केलं? सुई-दोरा घेऊन वर्षानुवर्षं जुने पडदे, टेपेस्ट्री, भरतकाम दुरुस्त करत बसली.

मग १९५० मध्ये दहावे ड्यूक अचानक गेले. त्यांनी इस्टेट मुलाच्या बाजूला आधीच वळवून ठेवली होती पण कायद्याने त्यानंतर पाच वर्षं जगायला पाहिजे होतं, त्याला थोडेच आठवडे कमी पडले, आणि ८० टक्के मृत्यूकर लागला. ऐंशी टक्के! मोठा मुलगा १९४४ मध्येच युद्धात मारला गेला होता, म्हणून धाकटा अँड्र्यू अकरावा ड्यूक झाला आणि त्याची बायको डेबोरा, वय ३०, डचेस. चॅट्सवर्थमध्ये युद्धाच्या काळात मुलींची शाळा भरत होती, घर थंड, अंधारं, रिकामं. कर फेडायला हजारो एकर जमीन गेली, मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं गेली, आणि हार्डविक गेलं, १९५९ पासून ते नॅशनल ट्रस्टकडे आहे. एव्हलिन शेवटपर्यंत तिथेच राहिली, १९६० मध्ये वारली. म्हणजे बाईने बांधलेलं घर देऊन पुरुषांच्या वारसाहक्काचं घर वाचवलं गेलं, हे मला जेव्हा जुळलं तेव्हा मी खरंच थोडा वेळ गप्प बसून राहिले होते.

डेबोराने मात्र चॅट्सवर्थ उभं केलं. शाळेत कधी नीट गेलेली नव्हती ती, पण १९५९ मध्ये नवरा-मुलांसकट त्या घरात राहायला गेली आणि खोली न खोली पुन्हा मांडली, १९७३ मध्ये शहरातल्या पोरांना दूध कुठून येतं हे कळावं म्हणून गोठा आणि शेत बघायला उघडलं, १९७७ मध्ये इस्टेटीवरचं मटण वगैरे विकायचं फार्म शॉप काढलं, तेव्हा मोठ्या घराने दुकान काढायचं ही गोष्ट लोकांना विचित्र वाटायची, आज इंग्लंडात कितीतरी इस्टेटींना फार्म शॉप असतं. १९८१ मध्ये घर चॅरिटेबल ट्रस्टकडे दिलं गेलं. हे एखाद्या पुरुषाने केलं असतं तर आपण त्याला सीईओ म्हटलं असतं आणि बिझनेस स्कूलमध्ये शिकवलं असतं. २००४ मध्ये नवरा गेला. मुलगा बारावा ड्यूक झाला, आणि डेबोरा रीतीप्रमाणे 'डावेजर', म्हणजे विधवा, डचेस होऊन शेजारच्या गावातल्या जुन्या पाद्र्याच्या घरात राहायला गेली. तिने त्याबद्दल रडगाणं गायलं नाही, मुलाशी काही भांडण नव्हतं, मी तिच्या वतीने भांडत पण नाहीये. मी एवढंच विचारतेय की पन्नास वर्षं एखाद्या संस्थेचा कारभार केल्यावर माणसाची तिथली जागा नवऱ्याच्या श्वासावर का अवलंबून असावी?

आता यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरे आहेत म्हणून टाळत नाही. पहिला, या बायका श्रीमंत होत्या, त्यांच्यासाठी आपण कशाला वाईट वाटून घ्यायचं, खरे कष्ट तर नोकरांचे. मान्य, शंभर टक्के मान्य. आणि त्या श्रीमंतीचा पैसा पण कुठून आला ते बघायला पाहिजे, नॅशनल ट्रस्टनेच २०२० मध्ये अहवाल काढून सांगितलं की त्यांच्या ९३ जागांचा वसाहती किंवा गुलामगिरीशी संबंध आहे, त्यात आपल्याकडून गेलेला पैसा पण आला. आणि लेडीची सत्ता चालायची ती मुख्यतः दुसऱ्या बायकांवर. वेल्समधल्या अर्डिग या घरात १९०७ मध्ये एलन पेंकेथ नावाच्या स्वयंपाकीण-हाउसकीपरवर ५०० पौंड चोरल्याचा आरोप आला, खटला उभा राहिला, आणि ज्युरीने तिला निर्दोष सोडलं. पण तोपर्यंत तुरुंग झाला, नाव गेलं, नोकरी गेली. इंग्लंडात अपपार्क नावाच्या मोठ्या घरात लेखक एच. जी. वेल्सची आई सारा १८८० पासून हाउसकीपर होती आणि १८९३ मध्ये तिला काढून टाकलं, तिची मालकीण पण बाईच. म्हणून मी म्हणत नाही की लेडी बिचारी होती. मी म्हणते की तिचं काम हे काम म्हणून मोजा, कारण तिचं काम 'सहज, हौसेने, बायकी गुणाने' होतं असं मानलं की तिच्या हाताखालच्या चाळीस बायकांचं काम तर त्याहून खाली जातं. घर आपोआप चालत होतं असं वाटायला लागतं. वरची बाई दिसली नाही की खालच्या तर अजिबातच दिसत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की मोठ्या मुलालाच सगळं देतात म्हणून ही घरं टिकली, वाटण्या झाल्या असत्या तर तुकडे तुकडे झाले असते. हे मला आपल्याकडच्या वाड्यांमुळे पटकन समजतं, भावाभावांत भिंती घातलेले, अर्धा पडलेला भाग कुणाचा यावर कोर्टात पडून असलेले वाडे सगळ्यांनी बघितलेत. पण घर अखंड ठेवायचं तर एका वारसाला द्या ना, तो मुलगाच का? लेडी अ‍ॅन क्लिफर्ड, वडिलांची एकटी जिवंत मुलगी, १६०५ मध्ये वडील गेले तर इस्टेट काकाला, ती जवळजवळ चाळीस वर्षं भांडली, राजाने समोर बसवून सांगितलं तरी ऐकलं नाही, शेवटी काका आणि चुलतभाऊ मेल्यावर १६४३ मध्ये तिला मिळालं, आणि मग म्हातारपणात तिने उत्तरेतले पडलेले किल्ले एकामागून एक दुरुस्त केले, स्किप्टन, अ‍ॅपल्बी, ब्रूम. तिच्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट, ती पण एकुलती एक मुलगी, तिचं लहानपणापासूनचं 'नोल' हे घर तिच्या काकाकडे गेलं. कारण तेच. तिने पुढे सिसिंगहर्स्टला पडकं घर घेऊन जगप्रसिद्ध बाग केली.

आणि आता आजचं. राजगादीसाठी इंग्लंडने २०१३ मध्ये कायदा बदलला, आता मोठं अपत्य मुलगी असली तरी तीच पुढे. पण ड्यूक, अर्ल, व्हायकाउंट यांच्या बहुतेक पदव्या अजूनही फक्त पुरुष वारसाकडे जातात, आणि जिथे घर आणि जमीन पदवीबरोबर चालतात तिथे तेही तिकडेच. त्याच २०१३ मध्ये मुलींना हक्क द्यायचं एक विधेयक संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात आलं होतं, कायदा झालाच नाही. अजून एक बघा, ड्यूकशी लग्न केलं की बाई डचेस होते, पण एखाद्या बाईला स्वतःच्या हक्काने पदवी असली तर तिच्या नवऱ्याला काहीही मिळत नाही. म्हणजे पदवी अजूनही बाईला नवऱ्यामार्फतच यायची गोष्ट आहे असं गृहीत धरलंय. आपल्याकडे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. प्रत्यक्षात किती बहिणी सह्या करून हक्क सोडतात ते मला माहितीय, माझ्या आईनेही सोडला, पण निदान सोडायला कागदावर काहीतरी होतं! इथे अर्लच्या मुलीला सोडायला पण काही नसतं.

"आता या पदव्यांना किंमत काय, जाऊ दे ना" असं माझे इथले मित्र म्हणतात. किंमत नसेल तर बदलायला काय अडचण आहे? ज्या गोष्टीला किंमत नाही ती एवढी घट्ट धरून कुणी बसत नाही. माझं स्वतःचं मत या पदव्याच नकोत असं आहे, पण ठेवायच्याच असतील तर मोठ्या अपत्याला द्या, उद्यापासून.

आणि घरं दाखवणाऱ्यांना एक मागणं. पोर्ट्रेटशेजारी तिची हिशोबाची वही ठेवा. आठवड्याचं सामान, पगारांची यादी, तिची सही. लोक वाचतात हो असल्या गोष्टी, आई तर स्वयंपाकघरातून हलायलाच तयार नव्हती.

त्या बेसच्या १३ टेपेस्ट्री, ज्यात ५ पौंड कमी करून घेतले होते, त्यांची दुरुस्ती नॅशनल ट्रस्टने हातात घेतली आणि ती २४ वर्षं चालली, २०२३ मध्ये संपली, खर्च १७ लाख पौंड. तज्ञ लोकांनी इंच इंच टाके घातले. हा खर्च योग्यच आहे, ते कौशल्याचं काम आहे, त्याला पैसे मिळायलाच पाहिजेत. एव्हलिन त्याच घरात बसून सुईने दुरुस्ती करत होती तेव्हा मात्र तो म्हातारीचा विरंगुळा होता.

आई शिवणकाम करून आम्हाला वाढवलेली बाई आहे. हार्डविकच्या लाँग गॅलरीत, म्हणजे या टेपेस्ट्री लावलेल्या लांबलचक दालनात, ती दोरीच्या अलीकडे वाकून, चष्मा वर-खाली करत बराच वेळ टेपेस्ट्री बघत होती आणि मग तिथे उभ्या असलेल्या आजींना विचार म्हणाली, रफू कुणी केलं. मी विचारलं. त्या आजींचा चेहरा एकदम उजळला, म्हणाल्या हे हल्लीचं, पण याच्या आधी इथे एक डचेस राहायची, आणि मग पुढची वीस मिनिटं त्या आईला एव्हलिनबद्दल सांगत होत्या, मी मध्ये भाषांतर करत होते, आणि आई मध्येच मला थांबवून म्हणाली, दोरा कुठला वापरायची ते विचार.